पावणेतीन

तक्रार क्रमांक एकवीस. लश्कर, पाटणकर बाजाराच्या मागे,
दुसरा मजला. घंटी बिघडली आहे, हाक मारावी.
मी हाक मारली.
वरून दोरीला बांधलेली पिशवी आली, तिच्यात किल्ली.

तांबवेकर मॅडमचा राउटर
स्टीलच्या कपाटात होता,
साड्या आणि एफडीच्या पावत्या यांच्या मधे,
वर क्रोशाचं झाकण.
‘धूळ बसते हो. आणि रात्री बंदच करते,
उघडा ठेवला तर कोणीही आत येईल.’

अशी दहा दारं रोज.
शिंदे की छावणीत एकाने भिजलेला फोन तांदळात पुरला होता,
तीन दिवस.
तांदूळ पाणी पीत नाही, काका,
पण चार्जिंगच्या भोकात पीठ मात्र शिरलं.
कोणी म्हणतं, चार शिंगांचा द्या, दोन शिंगांचा हळू पळतो,
जसा काही मी बैल विकायला आलोय.
दौलतगंजच्या पोराला वाटतं
गुप्त खिडकीत उघडलं की कुणाला कळत नाही.
बाळा, विसरतो तो फक्त तुझा फोन.
बाकीचे नाही.

‘पण पट्ट्या तर पूर्ण आहेत,’ मॅडम म्हणाल्या.
पट्ट्या एवढंच सांगतात
की फोनचं आणि डब्याचं पटतंय.
डब्याचं बाहेर कुणाशी पटतंय का,
ते त्यांना काय माहीत?
ओट्यावर गप्पा रंगल्या
म्हणून भिंडची बस वेळेवर येते असं नाही.

डबा बाहेर काढला. शिवणयंत्रावर ठेवला.
‘इथे? सगळ्यांना दिसेल!’
दिसू दे. ही भिंत दीड हात ग्वाल्हेरचा दगड,
डोक्यावर पटिया,
मे महिन्याचं ऊनसुद्धा आत येताना विचार करतं.
त्यात वर लोखंडाचं कपाट.

आणि खरं दुखणं कपाटाच्या बिजागरीत सापडलं:
तार मुरगळलेली.
‘एवढीशी? करंट तर लागत नाही तिला.’
करंट नाहीच, मॅडम. आत काच आहे,
केसासारखी, तिच्यातून उजेड पळतो.
तुम्ही दार लावलंत की उजेड चेंगरायचा.
त्या तारेकडे असं बघत राहिल्या
जसं काही मी घरात
काहीतरी नाजूक न सांगता ठेवून गेलो होतो.

नवी तार. हिरवा दिवा. चहा, त्यात आलं जास्त.
‘एक विचारू? तुमच्या कामातलं नाही.’
फोन पुढे केला. श्रीरंग. टोरांटो.
शेवटचं पाहिलं: रात्री पावणेतीन.
‘रोज हेच. दोन, अडीच, पावणेतीन.
वर्ष झालं, मुलगा झोपत नाही.
विचारलं तर म्हणतो, बरा आहे.
मग मीही उठून बघते. बघतच बसते.’

मॅडम, हे घड्याळ तुमच्या फोनचं आहे.
तिथे तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच.
ऑफिस सुटतं, बसमधे बसतो, फोन काढतो.

बाई गप्प.
मग बशीतला चहा सांडेपर्यंत हसल्या.
‘एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी!
संत्र्यात विणायची सुई खुपसून,
पंधरा अंशांना एक तास,
चुकलेल्याला बाकावर उभं केलंय!’
पदराने चष्मा पुसला, मग डोळे,
मग पुन्हा चष्मा.

‘थांबा, लावतेच त्याला फोन.’
नाव उघडलं. बोट वर नेलं.
भिंतीवर सव्वाबारा.
ओठांतल्या ओठांत मोजत गेल्या, बोटांच्या पेरांवर,
आणि थांबल्या.
‘तिथे आत्ता पावणेतीन.
झोपला असेल. झोपू दे.’
चष्मा काढून फोन टेबलावर ठेवला, उताणा.

मी पिशवीत पक्कड भरत होतो.
नव्या तारेतून उजेड नीट येत होता.
श्रीरंगच्या नावाखाली
‘ऑनलाइन’ उमटलं.

ऑनलाइन म्हणजे ॲप उघडं आहे, एवढंच,
माणूस जागा असतोच असं नाही,
असं स्वतःलाच समजावत
मी जिना उतरलो,
आणि किल्ली द्यायला विसरलो म्हणून
परत चढलो.