रकाना चौथा

कोंडवाड्याच्या रजिस्टरला सात रकाने.
तारीख, जनावर, रंग-शिंग-खूण,
आणि चौथा : मालकाचे नाव.
बाकीचे मी जनावराकडे पाहून भरतो.
चौथ्यासाठी माणूस यावा लागतो.

ती आली पोळा झाल्यावर,
नथ्थू ढाकुलकरच्या तुरीतून हाकलत आणलेली.
तांबडी, डाव्या कानाला चीर,
गळ्यात दाव्याचा हातभर तुकडा.
म्हणजे कोणीतरी बांधत होतं.
तुटलं की तोडलं, ते दोरी सांगत नाही.
हरवलेलं वेगळं, टाकलेलं वेगळं,
ग्रामसेवक समजावतात.
गाय दोन्हींत सारखीच हंबरते.

सात दिवस वाट. मग दवंडी.
कोतवाल अडाणच्या पल्याड तीन गावं ओरडून आला,
घसा बसवून, चहा मागत.
अकराव्या रात्री ती व्याली,
टिनाखाली, माझ्या बॅटरीच्या उजेडात.
गाय ज्याची, वासरू त्याचं. सोपं आहे.
मी नवी ओळ आखली.
रंग लिहिला : ओला.
खोडून लिहिलं : तांबडी कालवड, कपाळी चांदणी.
चौथा रकाना आईचा कोरा,
तोच लेकीला वारसा.

लिलाव दोनदा पुढे गेला,
एकदा सरपंच लग्नाला, एकदा पाऊस.
कुटार पंचायतीचं होतं, ढेप माझ्या पैशाची.
कालवड हात चाटायची, खरखरीत,
मनगटापर्यंत.
हातात असणं म्हणजे ताबा.
ताबा म्हणजे मालकी नव्हे, एवढं मला
या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक :
किल्ली माझ्या करदोट्याला,
कुलूप पंचायतीचं.

तसा मीही सापडलेला माल.
माझ्याआधीची तीन जगली नाहीत,
म्हणून आईनं मला उकंड्यावर ठेवलं
आणि पाठ फिरवून वीस पावलं चालली.
शेजारच्या कासाबाईनं उचललं,
"कोनाचं हाये व हे? मले सापडलं."
आई वळली. "इकतं काय?"
सूपभर ज्वारीत सौदा झाला.
टाकलं, सापडलं, विकत घेतलं,
एका सकाळी तीन व्यवहार,
आणि चौथा दावेदार, जो रात्रीचा येतो,
त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं :
हे त्या घरचं पोर नाही, पावती दाखव.
नाव पडलं उकंडा.
कासाबाई मरेपर्यंत चिडवायची,
"जवारी किडकी होती रे,
सौदा मोडला समज."

बुधवारी लिलाव झाला.
कायदा म्हणतो, कोंडवाड्यावरच्या माणसानं
बोली लावायची नाही. बरोबरच आहे.
नाहीतर दवंडी मोठ्यानं कोण देईल?
मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो.
मान खाजवली असती तरी बोली समजले असते.
शेषराव गोहणेनं घेतली, मायलेकी मिळून,
नऊ हजार दोनशे.
खुराकी, दंड वजा जाता उरलेली रक्कम
जमा झाली त्या मालकाच्या नावे
जो आलाच नाही.
पुस्तकातून पावती फाटली, टर्रकन,
आणि त्या आवाजात गाय गोहण्याची झाली.
माझी ढेप तिच्या पोटात होती,
तिचा हिशेब कुठल्याच रकान्यात बसेना.

पंधरा दिवसांनी, दिवेलागणीला,
कालवड एकटीच फाटकाशी.
दावं नाही, माय नाही,
लोखंडी गजाला कपाळ घासत.
नियम : मोकाट जनावर आत घ्यावे, नोंद करावी.
मी आत घेतलं. नोंद केली.
तारीख. कालवड. तांबडी, कपाळी चांदणी.
चौथा रकाना यावेळी
कोणाची वाट न पाहता भरता येत होता.
तिथेच पेन अडलं.
झटकलं, चाललं.
शेषराव गोहणे, रा. कोलवाई,
माझ्या चांगल्या अक्षरात.

तो उद्या येईल, दंड भरेल, घेऊन जाईल.
तोवर ती माझ्या तळव्यावरचं मीठ चाटते आहे.
मीठ माझं. तळवा माझा.
बाकी रजिस्टरात पाहावे.