सत्तेचाळीस नंबरचा हिरवा

सेंट पॉल. जानेवारी. बाहेर उणे तेवीस.
वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत
मी खोक्यावरचं प्लॅस्टिक नखाने फाडते:
पॉडगर कुटुंब, सगळे भाग, चौदा तबकड्या,
वर सोनेरी अक्षरांत, धुऊनपुसून अगदी नव्यासारखं.

पहिला भाग संपायच्या आतच
ॲल्विन श्मिटके म्हणतो, फसवलं.
बेचाळीस डॉलर पाण्यात.
चित्र रुंद करायच्या नादात खालून छाटलंय,
टेबलाखालचा कुत्रा कुठे गेला?
वर बाप भाषण ठोकायचा
आणि खाली कुत्रा त्याची चप्पल खायचा.
विनोद कुत्र्याचा होता,
बापाचा नव्हताच कधी.

व्हर्डेल ऑस्टबीला मात्र सगळं पसंत.
शेजारणीच्या कानातले डूल दिसतात आता,
मोतीबिंदू काढल्यासारखं वाटतंय, म्हणते.

हार्लनची तक्रार गाण्याची.
सुरुवातीचं गाणं बदललंय,
हक्कांचं काहीतरी लफडं असणार.
म्हणून प्रत्येक भागाआधी
तो जुनं गाणं स्वतःच म्हणतो, भलत्याच पट्टीत.
चौदा तबकड्या. देवा.

आणि हसू काढून टाकलंय.
ते डबाबंद हसू, दर दोन वाक्यांनी फुटणारं.
बरं झालं, श्मिटके म्हणतो,
कुठे हसायचं ते काय आम्हाला कळत नाही?

मी गप्प.
माझा बाप ऐंशी साली
थायलंडच्या छावणीतून या गावात आला.
फ्रॉगटाउनमधल्या दोन खोल्या, रोज साडेचारला हेच.
भाषेचा गंध नाही.
टीव्हीतली माणसं हसली की तो हसायचा,
अर्धा श्वास उशिरा,
आणि त्याच्यामागून आम्ही.
कारखान्यातही तसाच,
आधी इतरांची तोंडं बघणार, मग स्वतः.
ही नवी तबकडी त्याला दाखवली असती
तर बिचारा वीस मिनिटं
नुसता तयारीत बसून राहिला असता.

शेवटी गाडी सोफ्यावर आली.
मोहरीसारखा पिवळा होता, श्मिटके म्हणाला,
ह्याचा हा शेवाळी रंग कुणी केला?
पिवळाच, व्हर्डेल म्हणाली.
चार वर्षांत तेवढं एक दोघांचं जमलं.
आमच्याकडे करडा, हार्लन म्हणाला,
आमचा टीव्हीच काळापांढरा.

खिडकीपाशी आर्डिथ टेस्के.
ती इथे आल्यापासून बोललेली वाक्यं
मी बोटांवर मोजू शकते,
त्यातली दोन सूपबद्दल.

"हिरवा," ती म्हणाली.
"सत्तेचाळीस नंबरचा हिरवा. मीच भरायचे तो.
पारदर्शक पत्र्याच्या मागच्या अंगाने,
दिवसाला तीस सोफे.
हातात सुती मोजे, तीन बोटं कापलेली.
टीव्हीवर पिवळा दिसतोय, असं आम्ही वर कळवलं होतं.
वरून उत्तर आलं, असू दे,
सोफ्याकडे कोण बघतंय."

कुणी काही बोललं नाही.
हीटर तेवढा आत कुठेतरी ठकठकला.

"माझ्या घरी पिवळा होता," श्मिटके म्हणाला.
"असेल," आर्डिथ म्हणाली. "तुझ्या घरी असेल."
आणि पुन्हा बर्फाकडे बघायला लागली,
तोही कुणीतरी चुकीचा रंगवल्यासारखा.

दुसरी तबकडी घालताना
यादीच्या तळाशी एक ओळ दिसली: मूळ आवाजासह.
मी कुणाला न विचारता दाबली.

श्मिटके तेव्हा वाकून टेबलाखाली बघत होता,
चित्रातल्या नव्हे, आमच्याच.
त्याची एक चप्पल सापडत नव्हती.
आणि साठ वर्षांपूर्वीची ती सगळी माणसं
खो खो हसत सुटली.