घ-१७

संमतीपत्र तीन पानांचं.
शेवटी सहीसाठी रेघ,
रेघेखाली बारीक अक्षरांत: किंवा अंगठा.
चांगुणाबाईंनी आधी अंगठ्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"सही येते मना."
आणि नाव पुरं होईपर्यंत
गल्लीतून सिलिंडरची हातगाडी गेली,
कुणी लग्नाची पत्रिका देऊन गेलं,
पेन एकदा झटकावं लागलं.

घणसोली गावठाण.
खिडकीतून खिडकीत मीठ मागता येईल
इतक्या जवळ इमारती.
वर पुतणे, त्यांच्यावर भाडेकरू,
जिन्याखाली उरलेल्या खोलीत ह्या.
जवळ्याच्या ताटाशेजारी मी फोन ठेवला,
लाल ठिपका दाखवला:
हा चालू असला की तुमचं बोलणं साठतं.
"मीठ साठतं तसा?"
मी घाईत हो म्हटलं.

प्रश्न बारा. कुटुंबाकडे जमीन किती होती?
त्या 'कुटुंब' ह्या शब्दालाच हसल्या.
सातबाऱ्यावर बाप,
बापामागे भाऊ,
भावामागे त्याचे मुलगे.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला
तेव्हा हक्कसोडीच्या कागदावर
बहिणीचं नाव लागलं.
"अंगठा नको बोल्ला साहेब.
मंग भावानीच शिकवली सही.
एके दुपारी. हात धरून."

माझ्या मांडीवर त्यांचं संमतीपत्र होतं.
शाई अजून ओली.

त्यापुढची अकरा मिनिटं त्या दुपारची आहेत.
मध्येच म्हणाल्या, "ह्या लिवू नको."
मी वही मिटली.
ठिपका मिटवला नाही.
विसरले, असं मी सरांना सांगितलं.
सरांनी मान हलवली,
कारण त्यांनाही ती अकरा मिनिटं हवी होती.

सात महिन्यांनी लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवायला गेले.
हेही पद्धतीतच बसतं.
त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या,
लसूण सोलणं थांबलं नव्हतं.
"ही सुमन कोन?"
तुम्हीच.
नाव बदलावं लागतं. तुमच्याच भल्यासाठी.
वर पुतणे राहतात, उद्या कुणी वाचलं तर...
"माजा नाव जल्मात एकाच कागदाव आला,
सोरून द्याच्या.
आता तुज्या कागदाव पन नाय?"

समितीला पत्र लिहिलं.
समितीचं उत्तर दोन ओळींचं,
दोन्ही ओळी बरोबर.

मी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी विचारलं,
पहिल्या दिवशी वाचलेलास ना,
कवाबी मागं घेता येतं म्हून?
पान दोन, कलम सहा.
मीच मोठ्यानं वाचलं होतं,
दोनदा,
कारण वर मिक्सर चालू होता.

त्यांनी फाडलं नाही.
तिन्ही पानांची एक घडी,
आणि घडी चहाच्या डब्याखाली.
मी त्यांच्यासमोर अकरा मिनिटं पुसली.
फोन पुसलेलंही महिनाभर ठेवतो,
हे रिक्षात बसल्यावर आठवलं.
रिक्षा थांबवली. मग पुसली.
ऐकून पुसली की न ऐकता,
ते विचारू नका.

तक्त्यात आता घ-१६ नंतर घ-१८.
परीक्षकांनी पेन्सिलीनं गोल केला:
गाळलं की चुकलं?

इथे मी लिहिलेलं नाव त्यांचंच का,
तेही विचारू नका.