तिसरा दिवस, नगरदर्शन

कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती :
पुणे दर्शन, ऐच्छिक. बस सकाळी साडेसहाला सुटेल.
सुटली सात दहाला,
कारण डॉक्टर उकिडव्यांना गळ्यातलं ओळखपत्र सापडेना
आणि त्याशिवाय, त्यांनीच काढलेल्या नियमानुसार,
त्यांना बसमध्ये घेता येत नव्हतं.

भूजलाची परिषद. अकरा पाहुणे, एक दुभाषी.
दुभाषी मी. नऊ वर्षं जपानी शिकले
टिळक रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर;
खाली भजी तळली जायची,
म्हणून माझ्या क्रियापदांना अजून जरा तेलाचा वास.
जपान पाहिलेलं नाही.

पाताळेश्वराच्या पायऱ्या अजून गार होत्या.
मोरिनागा-सान, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे,
मफलर आवळत म्हणाले, इथेही थंडी?
मी संधी साधली.
पुस्तकातला, कधीच न वापरलेला एक शब्द
नव्या साडीची घडी मोडावी तसा काढला :
हानाबिए. फुलं आल्यावर परत फिरलेली थंडी.
ते हसले, ओठ मिटून.
तो शब्द एप्रिलचा, म्हणाले. आधी फुलं लागतात.
आत्ताची ही योकान. उरलेली थंडी.

उरलेली.
पोळ्या झाल्यावर परातीला चिकटून राहते तेवढी.

आमच्याकडे, मी म्हणाले (हार कशी मानणार, सदाशिव पेठेतली मी),
आमच्याकडे शिवरात्रीला थंडी
'शिव शिव' म्हणत निघून जाते.
जपानीत ते नुसतं देवाचं नाव झालं, दोनदा.
मग खांदे आक्रसले, दात वाजवून दाखवले,
हात जोडून दोन पावलं मागे गेले.
नंदीपाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
मोरिनागा-साननी वही उघडली. कधी असते?
बुधवारी.
त्यांचं विमान सोमवारचं.

शनिवारवाड्यात सगळे दरवाजाच्या खिळ्यांचे फोटो काढत होते.
हे कारंज्याच्या कोरड्या पाकळ्यांपाशी उभे.
पाणी कुठून यायचं?
माझ्याकडे सनावळी होती, लढाया होत्या,
पेशव्यांची वंशावळ थेट शेवटापर्यंत.
पाण्याचं काही पाठ केलं नव्हतं.

"कात्रजवरनं," ड्रायव्हर इलाहीभाई म्हणाले,
"जमिनीखालून नळ. आमच्या आळीत त्याचा हौद होता,
चुलती धुणं धुवायची. झाकलाय आता. दाखवू?"
"कार्यक्रमात नाही," डॉक्टर उकिडवे.
"ऐच्छिक आहे ना सायेब?"

दोन स्कूटर, केबलचा डबा, वाळत घातलेली गोधडी,
मध्ये गंजलेलं लोखंडी झाकण.
मोरिनागा-साननी हातरुमाल पसरला,
गुडघे वळेनात म्हणून सरळ आडवे झाले,
आणि झाकणाला कान लावला.
अकरांपैकी दहा जण, ज्यांनी तीन दिवस
एकमेकांना बोलू दिलं नव्हतं,
श्वास धरून उभे.

वरची खिडकी उघडली.
"काय हरवलंय?"
"पाणी," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.
"ते साडेनऊला येतं."
खिडकी बंद.

त्यांना काय ऐकू आलं, मी विचारलं नाही.
दुभाषी माणूस, विचारायचं तर कुणाच्या वतीने?

परतीला रस्त्याकडेला पानं गाळून बसलेली झाडं,
डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी.
बसमध्ये एकच ओरडा, साकुरा, साकुरा,
सगळे फोन खिडकीला.
टॅबेबुया, मी सांगणार होते,
हेसुद्धा बाहेरून आलेलं झाड, आणि फुलं कर्ण्यासारखी,
जवळून पाहिलीत तर फसणार नाही.
इलाहीभाईंनी बस बाजूला घेतली.

मोरिनागा-सान उतरले. फुटपाथवरचं एक फूल उचललं,
उलटं केलं, नळीतून आत पाहिलं.
मी चूक दुरुस्त व्हायची वाट पाहत उभी.
मफलर केव्हाच पिशवीत गेली होती.
कपाळाचा घाम पुसला,
आणि माझ्याकडे बघत, अगदी सावकाश,
प्रत्येक अक्षर नीट ठेवत म्हणाले :
हानाबिए.

चौकातल्या पाटीवर तापमान दिसत होतं.
चौतीस.