दोन मात्रांची जागा

गाणं तुम्ही ऐकलं असेल.
लग्नात, लिफ्टमध्ये,
दातांच्या दवाखान्यात भूल चढता चढता.
दुसऱ्या कडव्यानंतर गाणारा थांबतो,
दोन मात्रा,
डोळे मिटतो,
मग म्हणतो, "घाई नाही."
आणि समोरचे हजारभर लोक
आपापलं काहीतरी गिळतात.

ती जागा माझी.
दाढीच्या ब्लेडनं कापलेली.

हल बंदर, चौसष्टचा नोव्हेंबर.
जाळी विणायच्या कारखान्याचा माळा,
भिंतींना गोणपाट, गोणपाटाला मासळीचा वास,
भाडं तासावर.
मी एकोणीस वर्षांचा. टेप फिरवायचो, चहा आणायचो,
मत कुणी विचारायचं नाही.

नोरीन पॅशबी खाली जाळी विणायची.
बोटांना डांबर,
म्हणून पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांना हात लावण्याआधी
एप्रनला पुसायची.
चाल तिची. शब्दही तिचेच,
हजेरीच्या कागदाच्या पाठीवर.
गाणार क्लाइव्ह ऑम्बलर,
रंगाच्या दुकानातला नोकर, नखांत कायम हिरवा.

कागदावर त्या जागी एक नाव होतं.
मी वाचलंय. सांगणार नाही.
बोट आइसलँडकडे गेली होती, एवढं पुरे.

तिसरा टेक. छान चालला होता.
आणि नेमका तिथंच, खाली, बोळात मासळीचा ट्रक अडकला.
भोंगा,
लांबलचक, व्यायला आलेल्या म्हशीसारखा.
चौथ्या टेकचे पैसे नव्हते.
मी भोंगा कापला,
तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी जोडली.
नाव त्यातच गेलं, असं सगळ्यांनी धरलं.
नोरीन ऐकून म्हणाली, "राहू दे तसंच,"
आणि जिना उतरून शिफ्टला गेली.

पुढं काय काय झालं.
बेल्जियममध्ये कुणा रेडिओवाल्यानं
चुकून तबकडीची मागची बाजू लावली.
इटलीत "घाई नाही"चं "मरेन मी" झालं.
मनिलातल्या एका मुलीनं इतकं संथ गायलं
की दोनाच्या चार मात्रा झाल्या.
हरणाऱ्या फुटबॉल संघाचे लोक ते म्हणू लागले, पावसात, बेसूर.
बिस्किटवाल्यांनी जाहिरातीत
बरोबर त्या जागी बिस्किट मोडलं.
टक्.
एका प्राध्यापकानं लिहिलं, विरहाची मुकी मात्रा, वगैरे.
दोनदा वाचलं.
ट्रकचा उल्लेख कुठंच नव्हता.

नोरीनला विचारायचे, कुणासाठी लिहिलंत?
एकदा म्हणाली, नवऱ्यासाठी. एकदा, कोळसेवाल्यासाठी.
एकदा, "यमक जुळत होतं हो."
ती बोट परत आली होती. तो माणूसही.
दुसऱ्या गल्लीत संसार थाटला त्यानं,
सुटला अंगानं.

कापलेला तुकडा मी तंबाखूच्या डबीत ठेवला होता.
ऐंशी गाठल्यावर डबी घेऊन विद्यापीठात गेलो.
इमोजेन नावाच्या पोरीनं
टेप मंद आचेवर शेकली, पापडासारखी,
आणि मशीनवर चढवली.

भोंगा आला. साठ वर्षांचा, ताजा.
तिनं तो खाली दाबला, उरलेलं वर काढलं.
ट्रकवाल्याची शिवी.
खुर्चीची करकर.
नाव नाही.
पुन्हा लावलं. नाव नाही.
मी ब्लेड जरा अलीकडेच लावलं होतं तेव्हा.
त्या अलीकडच्या चिंधीत क्लाइव्हचा श्वास आहे,
आत घेतलेला,
भोंगा वाजायच्या आधी,
आणि शेवटपर्यंत न सोडलेला.

क्लाइव्हनं पुढं ते दुकान विकत घेतलं.
नोरीनच्या दाराला दर तीन वर्षांनी
स्वतः येऊन रंग द्यायचा.
पैसे घ्यायचा, पावती द्यायचा.
रंगवताना शीळ घालायचा, जगातली सगळी गाणी,
हे एक सोडून.

इमोजेन म्हणाली, फाइलला नाव काय देऊ?
मी म्हटलं,
ट्रक.