लाइन चालू आहे

अपघातानंतर तीन आठवडे थांबावं लागतं.
तुटलेली नससुद्धा सुरुवातीला उत्तर देते,
बिऱ्हाड हललं तरी दारावर पाटी राहावी तशी.

मुकुंद लांभाते बाविसाव्या दिवशी आले.
इंदूरचेच, परदेशीपुऱ्याच्या झोनचे लाइनमन,
डावा हात उजव्या हातात धरून,
दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा.
राऊच्या पुलाखाली मोटरसायकल घसरली;
डोकं एकीकडे गेलं, खांदा एकीकडे.

"ताई, काय करून राहिलात?"
फॉल्ट शोधतेय, म्हटलं.
मग पडून राहिले गप्प, धंद्यातल्या माणसासारखे.

गळ्याच्या हाडावर झटका दिला.
खांद्याचा स्नायू: सरळ रेघ.
दंडाचा: सरळ रेघ.
सुई घातली, तर स्पीकरमधून
तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज,
धनी सोडून गेलेल्या स्नायूची स्वतःशीच बडबड.

मग अंगठा.
टाचणी टोचलेली कळत नव्हती त्यांना.
दोन रिंगा चढवल्या, मनगटावर तबकडी,
आणि पडद्यावर उठली एक देखणी लाट,
उजव्या हातात होती तेवढीच उंच.
"आली की!" ते उठूनच बसले. "लाइन चालू आहे!"

चौदा वर्षं या खोलीत आहे मी.
भीते ती फक्त या लाटेला.
ती आली नसती
तर नस वाटेत कुठे तुटली म्हणता आलं असतं,
काखेत, दंडात; तिथे शिवता येतं.
आली, म्हणजे नस धडधाकट
आणि तुटलंय त्याच्याही आत,
मूळच कण्यातून उपटून आलंय.
मानेमागे सुई घालून पाहिली.
तिथेही मोहरी.

कसं सांगायचं ते जुळवत होते,
तोवर ते छताकडे बघत म्हणाले,
"म्हणजे घरात उजेड आहे, पण इन्व्हर्टरचा.
वायर खांबावरूनच निसटली."

मी जेल पुसत राहिले.
सांगितलं, सर्जन शेजारची चांगली नस घेतात,
तिच्यातला एक पदर इकडे जोडतात,
सहा महिन्यांच्या आत. कोपर वाकतं कधी कधी.

"आकडा टाकणार!"
इतके हसले की डावा हात टेबलावरून घसरला.
मी उचलून दिला. ओल्या दोरखंडाएवढा जड.

"अठरा वर्षं लोकांचे आकडे काढले मी," म्हणाले,
"पावत्या फाडल्या.
एकीची तर शिलाई अर्ध्यात होती,
मशीन तशीच थांबली."