सदर दोन्ही व्यक्ती एकच

ग्रामपंचायतीच्या वहीत मी नुसती ‘स्त्री अपत्य’.
शाळेत गुरुजींनी लिहिलं द्रौपदी गेणू कुदळे,
जन्म एक जून.
वर्गातली सगळीच पोरं एक जूनची.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं
यांनी काढलं शर्मिला.
विचारलं नव्हतं कुणी.

मुंढव्याला पासपोर्टच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
मावशी, यातल्या तुम्ही कोण?

मग शिवाजीनगर कोर्टाबाहेर
छत्रीखालच्या टायपिस्टानं पाचशेच्या स्टॅम्पवर बडवलं:
द्रौपदी व शर्मिला, सदर दोन्ही व्यक्ती एकच.
सही कुणाची करू?
चहा फुंकत म्हणाला, दोघींची करा.

चौकीतून हवालदार आला. साक्षीला दोन शेजारी हवेत.
एक मिळाल्या, खालच्या तांबोळीभाभी.
दुसरे वर्तक,
पार्किंगवरून अकरा वर्षं अबोला.
त्यांनी चष्मा पुसला, लिहिलं:
या बाईंना ओळखतो.
थांबून वर बारीक अक्षरात ‘चांगलं’ घुसडलं,
आणि दार लावून घेतलं.

निळी वही पोस्टानं आली. मुदत दहा वर्षं.
शेवटचे सहा महिने धरायचे नाहीत, भाचा सांगतो,
तेवढ्यावर कुणी व्हिसा देत नाही.
म्हणजे साडेनऊ.
सदुसष्टात साडेनऊ मिळवले, बोटांवर,
पुन्हा एकदा मिळवले.

काल जिन्यात वर्तक थबकले.
“कुठं?”
माझ्या हातात मेथीची जुडी.
म्हटलं, मंडईतून आले.
म्हणाले, तसं नाही.